पाठ लख्ख आहे

शुक्रवार

चिमीने आज मोबाइलवरून मोठ्याने वाचून दाखवलं, सुट्टीच्या प्रवासात त्वचा कशी जपावी. भरपूर पाणी प्या. उन्हात जायच्या आधी क्रीम लावा. गाडीत फार वेळ एकाच जागी बसू नका. सुती, सैल कपडे घाला. झोप पुरी घ्या. मी म्हटलं, "अगं, हे तर तुझ्या बाबांसाठीच लिहिलेलं दिसतंय." एरवी माझ्या असल्या बोलण्यावर ती फिदीफिदी हसते. आज हसली नाही. बँकेत सगळे तिला मॅडम म्हणतात, आम्हाला मात्र ती अजून चिमीच. तिच्या डोळ्यांखाली काळं आलंय. तिला या सुट्टीची खरंच गरज आहे.

पलंगावर दोन पिशव्या शेजारी शेजारी भरून ठेवल्यात. एक चिमीची, उन्हाचं क्रीम, रात्रीचं क्रीम, टाचांचं, ओठांचं. दुसरी ह्यांची. डायपर, रबरी कापड, आडव्या घालायच्या चादरी, मऊ टॉवेल, बसताना खाली घालायची रबराची रिंग, स्पिरिटची बाटली आणि पावडरचा मोठा डबा. हवेच्या गादीची गुंडाळी आणि तिचा पंप वेगळा. जावईबापू डिकी बघून म्हणाले, "आई, आता मी कुठे बसू ते सांगा. टपावर?"

ह्यांचं उजवं अंग गेलं त्याला तीन वर्षं झाली. बोलणंही गेलं, उरला एकच शब्द, हो. अख्ख्या संसारात माझ्या कुठल्या गोष्टीला चटकन हो म्हणाले नाहीत, आता सगळ्यालाच हो. "थंडी वाजतेय का?" हो. "थंडी नाही ना वाजत?" हो. आपण प्रश्न नीट विचारायला हवा, एवढंच. मी आपली बरं वाटेल असाच विचारते. "समुद्रावर जायचं ना?" हो म्हणाले. डोळे पण हसले, मला दिसले.

मागे मी न्हाणीघरात घसरले, तेव्हा चिमीने डोक्यात राख घालून घेतली होती. "आई, तू स्वतःचे हाल करून घेतेस आणि मला बघायला लावतेस. ज्या दिवशी बाबांच्या पाठीला जखम होईल ना, त्या दिवशी मी तुझं काही एक ऐकणार नाही. सरळ संस्थेत ठेवायचं." मी म्हटलं, होऊ तर दे. आणि मनात म्हटलं, होऊ देईन तर ना.

आणि नाही होऊ दिली. तीन वर्षांत एक ओरखडा नाही. ही सहल तशीच पार पडली की चिमीचं तोंड कायमचं बंद होईल. मदतनीस बाई सुट्टीसाठी घरी गेल्यात, त्यामुळे कूस बदलायला मी एकटीच. पण प्रवासातही मी ह्यांना सांभाळू शकते हे एकदा दिसू दे.

रविवार

पोचलो. अंगाचं पीठ झालंय.

सगळ्या जगाला एकाच दिवशी सुट्टी लागते. सकाळी निघालो ते संध्याकाळी उतरलो. रस्ता कमी आणि थांबणं जास्त. ह्यांना पुढच्या सीटवर रिंग घालून बसवलं होतं. सारखे पुढे घसरायचे, आणि जावईबापू गाडी थांबली की काखेत हात घालून वर ओढायचे. बिचारा माणूस, मुलाने केलं नसतं इतकं करतो. रस्त्यात डायपर बदलायला जागा मिळेना, म्हणून मी पाणी मोजकंच दिलं. ओठ ओले राहतील एवढं. चिमी म्हणाली, "आई, पाणी प्यायले का ते?" मी म्हटलं, प्यायले.

घर छान आहे. खालच्या मजल्यावर दोन खोल्या, मध्ये लाकडी फळ्यांची भिंत, आणि खिडकीतून समुद्राची एक निळी पट्टी. रात्री अंग पुसताना माकडहाडाच्या जागी लाली दिसली. कोटाच्या मोठ्या बटणाएवढी. बोटाने दाबून पाहिली, लाल ती लालच राहिली. म्हणजे रक्त तिथे चांगलं खेळतंय म्हणायचं. स्पिरिट लावून, पावडर घालून चांगलं चोळलं.

सोमवार

झोप झाली नाही कुणाचीच. पंपाचा आवाज घरी कधी जाणवला नाही, घरच्या भिंती जाड. इथे फळ्यांतून सगळं पलीकडे जातं. सकाळी चहा घेताना जावईबापू म्हणाले, "आई, तुमचं विमान रात्रभर धावपट्टीवर होतं. उडणार कधी?" सगळे हसलो. चिमीही हसली, किती दिवसांनी. "स्वतः एवढा घोरतोस, तुला बोलायला तोंड आहे का?" म्हणाली. मलाही हसू आलं, पण आत कुठेतरी लागलं. दुसऱ्याच्या सुट्टीत आपली अडगळ होऊ नये.

लाली आहे तशीच. कडेला थोडी जांभळट झाक. दुपारी पुन्हा चोळली.

कॉन्व्हेंटच्या शाळेत शनिवारी आम्हाला घरगुती शुश्रूषेचा तास असे. मोठ्या सिस्टर शिकवायच्या. करकरीत पांढरा झगा, अंगाला साबणाचा वास, आणि हात? इतके मऊ हात मी पुन्हा पाहिले नाहीत. आमच्यातली एक जण पेशंट होऊन पालथी पडायची, बाकीच्या खिदळायच्या. सिस्टर म्हणायच्या, "मुलींनो, रुग्णाचा चेहरा खोटं बोलतो, पाठ बोलत नाही. मला पाठ दाखवा, मी सांगते घर कसं आहे." तळव्यावर स्पिरिट, मग पावडर, मग गोल गोल, दाब देऊन, आणि जिथे लाल दिसेल तिथे जास्त वेळ. त्या वर्षी पहिलं बक्षीस मला मिळालं. निळी रेशमी फीत होती, सिस्टरांनी स्वतः माझ्या वेणीला बांधली. आई गेल्यानंतर माझ्या केसांना कोणी हात लावला असेल तर त्यांनीच.

चोळताना ह्यांनी डाव्या हाताने माझं मनगट घट्ट धरलं. मी विचारलं, "बरं वाटतंय ना?" हो म्हणाले.

मंगळवार

रात्री पंप बंद ठेवला. गादी फुगवून तोंड बंद केलं की मऊच राहते, मग आवाज कशाला? कूस बदलायला घड्याळाचा गजर लावते, उशीखाली, म्हणजे पलीकडे ऐकू जात नाही. एकदा मलाही ऐकू आला नाही. थकवा.

सकाळी जावईबापू म्हणाले, "वा, विमान गेलं वाटतं!" आणि स्वतः उठून मला चहा करून दिला.

लाली कमी वाटते. निदान पावडरमधून तशी दिसते.

बुधवार

आज फार चांगला दिवस गेला, तो नीट लिहून ठेवते.

ह्यांना व्हीलचेअरवरून वाळूपर्यंत नेलं. चाकं वाळूत रुतली, तर दोन अनोळखी माणसांनी खुर्चीसकट उचलून छत्रीखाली ठेवलं. ह्यांनी मान वर करून त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं पूर्वी ऑफिसात फाइल आणणाऱ्याकडे बघायचे. साहेबी गेली नाही! चिमीने त्यांच्या समोर गुडघे टेकून चेहऱ्याला, कानांच्या पाळ्यांना, टकलाला उन्हाचं क्रीम लावलं. इतकं हळू लावत होती, जणू तान्ह्या बाळाला लावतेय. "बाबा, नाक पांढरं झालं हं, विदूषक दिसताय," म्हणाली आणि तशीच त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून बसून राहिली. जावईबापूंनी फोटो काढले. खूप काढले. ह्यांचा एकट्याचा काढला, माझ्याबरोबर काढला, हातांचा सुद्धा काढला. मी म्हटलं, "हातांचा काय काढता?" तर म्हणाले, "असू दे."

सकाळपासून दुपारपर्यंत बसले, काही कुरकुर नाही.

घरी आल्यावर चिमी मागच्या अंगणात फोनवर बोलत होती. मी टॉवेल वाळत घालत होते, तेवढं कानावर आलं. "नाही, जखम वगैरे काही नाही. अंग एकदम स्वच्छ आहे. आईने फार जपलंय हो त्यांना. हो, सुट्टी संपली की लगेच." तिच्या मैत्रिणीशी असेल. लेक माझं कौतुक करते, फक्त तोंडावर करत नाही! ऐकून जिवाला इतकं बरं वाटलं की टॉवेल हातातच राहिला.

परवापासून रोज सकाळी ती विचारते, "आई, पाठ कशी आहे बाबांची?" आधी वाटायचं, खुसपट काढायला विचारते. आज तसं वाटलं नाही. म्हटलं, "लख्ख आहे."

गुरुवार

फोड आला होता, तो फुटला.

सकाळी आडवी चादर ओढताना कातडी चादरीबरोबर आली. कांद्याचा पापुद्रा यावा तशी. खाली ओलं, लालभडक. मी कितीतरी वेळ नुसती बघत राहिले. पलीकडे दोघं न्याहारीवरून भांडत होती, अंडी कोणी करपवली म्हणून.

डेटॉलने पुसलं. ह्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. डावाच डोळा रडतो आता. "फार नाही ना दुखत?" हो म्हणाले.

बाजारात जाते म्हणून निघाले. औषधाचं दुकान सुट्टीमुळे अर्धा दिवसच उघडं होतं आणि आत सगळी उन्हाने भाजलेली मंडळी. दुकानदार माझ्याकडे न बघताच म्हणाला, "उन्हाचं का?" मी म्हटलं, नाही, जखमेचं मलम द्या, चिकटपट्टी द्या मोठी, आणि स्पिरिट.

"जखम कुठे आहे?"

"पाठीला. खरचटलंय."

"पडलात का आजी?"

सांगितलं, हो. त्याने वळून मलम काढलं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर म्हणायच्या, खोटं बोललं की जिभेवर फोड येतो. आला नाही. एवढ्या वयात कळलं, येत नाही म्हणून.

चिमीला सांगावं का? सांगितलं तर सहल इथेच संपेल, आणि मग ते आहेच, सरळ संस्थेत. फक्त तीन-चार दिवस निभवायचे. घरी गेलं की आमच्या बाई आहेत, जाड भिंती आहेत, पंप आहे. भरून येईल. झाकली मूठ.

जखमेवर मलम आणि पट्टी, आणि जखमेच्या भोवती चोळलं, रक्त खेळतं राहावं म्हणून.

शनिवार

मधला भाग काळा झाला आहे. मला आधी वाटलं खपली धरली. पण खपली कोरडी असते, ही ओली आहे. आणि वास येतो.

सकाळपासून खिडक्या उघड्या टाकल्या, पडदे धुवायला काढले, पावडर शिंपडली, चिमीची अत्तराची बाटली मागून घेतली. ती म्हणाली, "कशाला?" म्हटलं, "बाबांना आवडतो वास." तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, "आज मी पुसते बाबांचं अंग. तू जरा समुद्रावर फिरून ये."

"राहू दे. तुला नाही जमायचं."

"आई, मी त्यांची मुलगी आहे."

"म्हणूनच. बापाचं अंग लेकीने बघू नये."

"काय बोलतेस तू हे? तीन महिन्यांपूर्वी तूच मला बोलावलं होतंस ना हात द्यायला?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी."

"पाठ कशी आहे?"

"लख्ख आहे म्हटलं ना! का रोज रोज विचारतेस? वाट बघतेस का कधी जखम होते याची?"

हे मी बोलायला नको होतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. जावईबापू दारात आले होते, तेच म्हणाले, "चल गं, आई थकल्यात." दोघं बाहेर गेली. वाळूवर दोन ठिपके शेजारी बसलेले खिडकीतून दिसत होते. एक ठिपका मध्येच हातांत तोंड लपवत होता.

पूर्वी ही अशी रडायला लागली की मी पदराने तिचं नाक पुसायची आणि ती माझ्या पोटात डोकं खुपसायची. आज मी दाराला आतून कडी घालून बसले आहे.

ह्यांनी दुपारचं जेवण तोंडात धरून ठेवलं, गिळलं नाही. गाल तापलेत. उन्हाचं असेल.

रविवार

ताप. फार ताप. कोंबडं झाकलं तरी उजाडायचं राहत नाही.

बुधवार

इस्पितळातल्या बाकावर बसून लिहिते आहे. अक्षर वाकडं येतंय.

रविवारी मीच चिमीला हाक मारली. तिने चादर बाजूला केली, पट्टी सोडवली. तोंडावर हात दाबून बाहेर गेली आणि नळाखाली डोकं धरून उभी राहिली. जावईबापूंनी रुग्णवाहिका बोलावली. सुट्टी, त्यात गर्दी, तिलाही यायला वेळ लागला. तेवढा वेळ ते ह्यांच्या उशाशी उभे होते. एकदम मला म्हणाले, "आई, पंप रात्री चालू असायचा ना?" मी म्हटलं, "असायचा की. गादीच शेवटी बिघडली, त्याला कोण काय करणार." जावयाची जात, त्यातून हा मनाने हळवा. एका थट्टेचं ओझं आयुष्यभर कशाला वाहायला लावावं?

डॉक्टर मुलगी आहे, माझ्या चिमीहून लहान. काळं सगळं कापून काढलं. बाहेर येऊन माझ्या शेजारी बसली, उभी राहून बोलली नाही, हे मला बरं वाटलं.

"आजी, वरून बटणाएवढं दिसत होतं ना? आत मूठभर पोकळी आहे. हाडापर्यंत गेलंय. रक्तातही पसरलंय."

"पण मी रोज चोळत होते," मी म्हटलं. "दोनदा. लाल दिसलं तिथे जास्त."

ती हळूच म्हणाली, "लाल दिसतं तेव्हा आतलं मांस आधीच दबून मरायला लागलेलं असतं. ते चोळलं की आणखी फाटतं. स्पिरिटने कातडी कोरडी पडते. आणि ती रिंग, ती तर मधल्या जागेचा रक्तपुरवठाच तोडते. आता हे कोणी करत नाही. कोणी शिकवलं तुम्हाला?"

"शाळेत."

"हो, त्या काळी तसंच शिकवायचे," ती म्हणाली. "तुमची चूक नाही."

सिस्टर चुकल्या असं मी लिहिणार नाही. त्यांचे हात मऊ होते. माझेच जड पडले असतील.

मग ह्यांनी माझं मनगट धरलं होतं ते आठवलं. सोमवारी धरलं, आणि पुढेही रोज. मला वाटायचं, माया. मी काय विचारत होते त्यांना? आणि दुसरं काय म्हणता येणार होतं त्यांना?

हे पुरे. यापुढे आज लिहवत नाही.

शुक्रवार

चिमी आज बोलली. चार दिवस नुसती डबा, औषधं, हिशेबी प्रश्न. आज बाकावर येऊन बसली आणि समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "आता ते घेणार नाहीत त्यांना."

"कोण?"

"संस्थेतले. जागा ठरली होती, आई. सुट्टी संपली की लगेच न्यायचं होतं. तुझ्या घराजवळचीच संस्था, खिडकीची खोली सांगून ठेवली होती, तू रोज येऊन बसशील म्हणून. त्यांची एकच अट होती, अंगावर जखम नको. उघडी जखम असली की ते घेतच नाहीत."

मला कळायला वेळ लागला. "म्हणजे जखम झाली नसती तरी तू त्यांना नेणारच होतीस?"

"हो."

"मग ही सहल?"

"बाबांना समुद्र बघायचा होता ना. नेण्याआधी एकदा. सगळ्यांनी मिळून. आणि तुला सांगायचं धाडस होत नव्हतं. इथे सांगणार होते, शेवटच्या दिवशी. तू परवा न्हाणीघरात पडलीस, उद्या जिन्यात पडशील. तू त्यांच्या आधी जाशील, आई, आणि मी दोघांनाही घालवून बसेन. मी काय करायचं होतं?"

"अगं, मग तू रोज विचारत होतीस ती पाठ..."

"ती लख्ख राहायला हवी म्हणून विचारत होते. तू काय समजलीस?"

समोरून एक नर्स ट्रॉली ढकलत गेली, तिचं एक चाक कुरकुरत होतं. चिमी म्हणाली, "सांगितलं असतंस ना गं, पहिल्याच दिवशी." मी म्हटलं, "तू तरी सांगितलंस का?" मग ती हसायला लागली, रडता रडता, आणि मी तिचं नाक पुसलं.

आणि आता जे लिहिते आहे ते कोणाला कधीच सांगणार नाही. ती "घेणार नाहीत" म्हणाली, तेव्हा सगळ्यात आधी माझ्या मनात काय आलं? आलं, म्हणजे हे घरी येणार. माझ्या घरी, माझ्या खोलीत. तिथे आत ह्यांच्या पाठीत मूठभर खड्डा, आणि इथे बाहेर माझ्या जिवाला आनंद. देवाने हे पाहिलं असेल तर पाहू दे.

कोणता वार, पाहिलं नाही

घरी आहोत. खूप दिवसांनी वही उघडली.

रोज सकाळी नर्स येते, मोठ्या शांत स्वभावाची. जखम धुते, आत कापसाची पट्टी भरते, वरून बंद करते. मला एका बाजूला उभं राहून बघायला सांगितलंय. स्पिरिट आणि पावडर तिनेच मोरीत ओतून टाकलं, माझी परवानगी विचारून. माझ्या हातांना काम उरलं नाही. सवयीने तळवा पुढे जातो आणि हवेतच थांबतो. मग मी तो ह्यांच्या कपाळावर ठेवते. तिथे ठेवलेला चालतो.

आमचे नेहमीचे डॉक्टर आज घरी येऊन गेले. चांगल्या बातम्या आहेत. त्या कडू गोळ्या बंद केल्या. पथ्यही काढलं, म्हणाले, "गोड आवडतं ना त्यांना? द्या की चमचाभर, मागतील ते द्या." आणि कूस बदलण्यावरून विचारलं तर म्हणाले, "त्रास होत असेल तर राहू दे आता. झोपू दे शांत." तीन वर्षं ज्या डॉक्टरांनी साखरेच्या कणाचाही हिशेब मागितला, तेच असं म्हणतात, म्हणजे धोका टळला असणार. मी चिमीला म्हटलं तसं. ती खिडकीशी पाठमोरी उभी होती, मान हलवली फक्त.

तिने बँकेतून रजा घेतली आहे. किती दिवसांची, विचारलं तर "बघू" म्हणाली. इथेच झोपते, ह्यांच्या पलंगाच्या पायथ्याशी गादी टाकून. काल विचारत होती, बाबांचा सगळ्यात आवडता शर्ट कुठला. मी फिकट निळा काढून दिला, तर तिने तो धुऊन, इस्त्री करून हँगरला अडकवून ठेवलाय. बाहेर न्यायचा विचार दिसतोय तिचा, बरं वाटलं की. जावईबापू संध्याकाळी आले, ह्यांचा हात हातात घेऊन बसले होते. पंप घरघरत होता. थट्टेचा एक शब्द नाही. डोळे पुसत होते, विचारलं तर सर्दी म्हणाले.

मी मनाशी ठरवून टाकलं आहे. पुढच्या सुट्टीत समुद्र नको. दमट हवा, घाम, वाळू, कातडीला वाईटच. थंड डोंगरावर जाऊ, मधे एक मुक्काम करून जाऊ, आणि पाणी भरपूर देऊ, डायपर रस्त्यात बदलावं लागलं तर लागलं, लाज कसली. जेवताना चिमीला हे सगळं सांगितलं. एरवी तिने दहा फाटे फोडले असते, गाडी कोणती, रस्ता कोणता, तुला झेपेल का. आज हातातला घास ताटात ठेवून म्हणाली, "जाऊ या, आई. तू म्हणशील तिथे जाऊ." किती वर्षांनी या घरात कोणी कोणाशी वाद घालत नाहीये.

ह्यांचा श्वास आज फार शांत आहे. एक येतो, मग खूप वेळाने दुसरा. इतकी गाढ झोप आजारपणात पहिल्यांदाच लागलेली पाहते. झोपमोड नको म्हणून आज मी कूस बदलली नाही.